कॅमेऱ्याचा मोड कसा निवडायचा: वारी, विसर्जन, लग्न आणि पावसाळी धबधब्यांसाठी एक्स्पोजरची सेटिंग्ज

कॅमेऱ्याच्या डायलवर पी, ए, एस आणि एम ही चार अक्षरं असतात. पी मध्ये अॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) आणि शटर (उजेड किती वेळ आत येतो) दोन्ही कॅमेरा ठरवतो, ए मध्ये अॅपर्चर तुम्ही, एस मध्ये शटर तुम्ही, एम मध्ये दोन्ही तुम्ही. कॅननवर ए च्या जागी एव्ही आणि एस च्या जागी टीव्ही लिहिलेलं असतं, काम तेच. फुजीफिल्मच्या बऱ्याच मॉडेलांवर हा डायलच नसतो. तिथे लेन्सवरची अॅपर्चर रिंग आणि वरचा शटर डायल यांपैकी जे 'ए' वर ठेवाल ते कॅमेरा सांभाळतो. या अक्षरांना बरेच जण बालवाडी ते पदवी अशा इयत्ता समजतात आणि कॅमेरा घेतल्याच्या दुसऱ्या महिन्यात हट्टाने एम वर जातात. मग वरातीचा घोडा पुढे निघून जातो आणि यांचे डायल अजून फिरतच असतात.

मोड निवडताना प्रश्न एकच विचारायचा: या फोटोत कोणती गोष्ट बिघडून चालणार नाही? ती आपल्या हातात ठेवायची, बाकीचं कॅमेऱ्यावर सोडायचं आणि कॅमेरा जिथे फसतो तिथे त्याला दुरुस्त करायचं. खालची सगळी सेटिंग्ज याच क्रमाने आली आहेत. आकडे हे सुरुवातीचे आकडे आहेत. पहिला फोटो पाहून ते हलवायचेच असतात.

स्टॉपचा हिशोब

अॅपर्चरची मालिका (आकडा लहान तितकं छिद्र मोठं) एफ/१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. शटरची १/१०००, १/५००, १/२५०, १/१२५, १/६०, १/३०, १/१५. आयएसओची, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे त्याची, १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४००. प्रत्येक मालिकेत शेजारच्या आकड्यावर गेलं की उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो. यालाच एक स्टॉप म्हणतात. एकीकडून एक स्टॉप कमी केला तर दुसरीकडून तो भरून द्यावा लागतो. एफ/४ ला १/२५० आणि एफ/५.६ ला १/१२५, आयएसओ तोच ठेवला तर दोन्ही फोटो सारखेच उजळ येतात. पहिल्यात मागची गर्दी जास्त धूसर होते, दुसऱ्यात हलणारा हात जास्त फरकटतो.

उजेडाचा अंदाज यायला एक जुना नियम उपयोगी पडतो: स्वच्छ उन्हात एफ/१६ ला शटर १/आयएसओ. म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१००. तिथून मोजायला लागा. दाट ढगाळ दिवशी उजेड तीन-चार स्टॉपनी उतरतो, रात्रीच्या कार्यालयात आठ ते दहा स्टॉपनी. डोळे सरावतात म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही आणि 'हॉलमध्ये तर भरपूर लाइट होते, फोटो हलले कसे?' हा प्रश्न पडतो.

याच नियमातून आणखी एक घोटाळा आधीच कळतो. ५० एमएमची एफ/१.८ लेन्स नवीन घेतली आणि दुपारी उन्हात ती पूर्ण उघडून फोटो काढला, तर आयएसओ १०० लाही शटर १/८००० च्या आसपास लागेल. अनेक कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/४००० वर थांबतं. फोटो एक स्टॉप जास्त उजळ येतो, आणि दोष लेन्सवर जातो. एफ/२.८ वर या, प्रश्न मिटतो.

घरून निघण्याआधी

१. फाइल रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद) किंवा रॉ अधिक जेपेग ठेवा. पांढरं धोतर किंवा नवरीची पिवळी साडी थोडी जास्त उजळ आली तर रॉमधून काही तपशील परत आणता येतो, जेपेगमधून जवळजवळ नाही.

२. ऑटो आयएसओ चालू करून त्याची कमाल मर्यादा ६४०० ठेवा आणि किमान शटर १/१२५. माणसं चालती-बोलती असतील तर १/२५०. किमान शटरची सोय आपल्या मॉडेलमध्ये नसेल तर ए मोडमध्ये शटरचा आकडा नजरेखाली ठेवावा लागेल.

३. फोटो दाखवताना जळलेले, म्हणजे फार उजळ होऊन तपशील गेलेले भाग लुकलुकतील अशी सूचना चालू करा. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, तीन रंगांचा वेगळा दिसत असेल तर तोच निवडा. गुलाल, झेंडू, हळद, शेंदूर यांत लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला आधी धडकतो आणि एकत्रित आलेख मात्र निर्धास्त दिसतो.

४. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण, म्हणजे प्लस-मायनसचं चिन्ह, डोळे मिटून सापडलं पाहिजे. कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड त्याने स्टॉपच्या हिशोबात वाढवता किंवा कमी करता येतो. या लेखात सगळ्यात जास्त वापर त्याचाच आहे. ते शून्यावर आहे ना, हे दर वेळी कॅमेरा चालू करताना बघा. कालचं −१ आजच्या फोटोंना काळोखात नेतं.

आयएसओची भीती हवी तेवढीच बाळगा. आयएसओ ३२०० चा दाणेदार फोटो अल्बममध्ये चालतो, हललेला चालत नाही. कमी आयएसओवर अंधारा फोटो काढून नंतर संगणकावर उजळला तर दाणे तितकेच येतात, कधी कधी जास्तच.

कोणता मोड

ए: मागचं किती धूसर किंवा किती स्पष्ट हवं हे महत्त्वाचं असेल तेव्हा. एकटा चेहरा, गटफोटो, गड, पठार, थाळी. धोका शटरचा. आत सावलीत गेलात की कॅमेरा मुकाट्याने १/२० वर उतरतो. हातात कॅमेरा असेल तर शटर निदान लेन्सच्या लांबीइतकं हवं, आणि लहान (एपीएस-सी) सेन्सरवर त्या लांबीला १.५ ने गुणायचं, कॅननच्या लहान सेन्सरवर १.६ ने. २०० एमएमला म्हणजे १/३०० च्या खाली नको. स्टॅबिलायझेशनने तुमचा हात स्थिर होतो, समोर नाचणारा माणूस होत नाही.

एस: हालचाल गोठवायची किंवा मुद्दाम दाखवायची असेल तेव्हा. धोका अॅपर्चरचा. १८-५५ च्या किट लेन्सवर ५५ एमएमला एफ/५.६ पेक्षा जास्त उघडताच येत नाही. तुम्ही १/१००० मागितलं, उजेड नाही आणि आयएसओ पक्का बांधलेला असेल तर कॅमेरा काळा फोटो काढून मोकळा होतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत अशा वेळी अॅपर्चरचा आकडा लुकलुकतो. तो इशारा आहे.

एम आणि ऑटो आयएसओ: शटर आणि अॅपर्चर दोन्ही तुमचे, उजेडाचा समतोल आयएसओ साधतो. मिरवणूक, खेळ, पक्षी, घरातली मुलं यांसाठी हाच सगळ्यात कामाचा मोड. पेंटॅक्सने तर यासाठी डायलवर टीएव्ही अशी वेगळी जागाच दिली आहे. काही जुन्या कॅमेऱ्यांत या जोडीबरोबर कॉम्पेन्सेशन चालत नाही, ते आधी तपासा.

पूर्ण एम, आयएसओसकट: विषयावर पडणारा उजेड कायम आहे पण मागचं दृश्य सतत बदलतंय, अशा वेळी. रंगमंच, फ्लॅशचं काम, आकाशातून पाण्यावर उतरणारा पक्षी, रात्रीचं आकाश.

पी मोडला हसू नका. कोणाच्या तरी हातात कॅमेरा देऊन 'आमचा एक काढा' म्हणायचं असेल, तर पी आणि ऑटो आयएसओ यांच्याइतकं सुरक्षित काही नाही. डोंगर, फूल, धावणारा माणूस या चित्रांचे मोड मात्र सोडून द्या; त्यांतल्या अनेकांत आत काय ठरलं ते नीट कळत नाही आणि दुरुस्तीलाही फारसा वाव नसतो.

वारी: तेच पांढरं, उलट दुरुस्ती

मीटर समजून घ्यायला वारीसारखी शाळा नाही. मीटर समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो आणि तो मध्यम राखाडीच्या जवळ आणायला बघतो. नवे कॅमेरे चेहरे आणि दृश्यं ओळखून थोडे शहाणे झाले आहेत, पण कल तोच राहतो.

दिवेघाटात वरून दिंड्या टिपताना चौकटभर पांढरे सदरे, टोप्या आणि वर पावसाळी पांढरट आभाळ असतं. मीटरला हे सगळं फार उजळ वाटतं, तो एक्स्पोजर खाली ओढतो आणि पांढरं मळकट, चेहरे काळे येतात. इथे +०.७ ते +१. थोड्या वेळाने त्याच वारकऱ्याला ओल्या डांबरी रस्त्यावर, मागे काळी छत्री असताना एकटं टिपता. आता चौकटीचा मोठा भाग गडद आहे, मीटर उजेड वाढवतो आणि सदऱ्याची वीण, घड्या सगळं जळून सपाट पांढरं होतं. इथे −०.७. कपडे तेच, आभाळ तेच, दुरुस्ती उलट. कॉम्पेन्सेशन कधीच विषयाचा रंग बघून ठरत नाही. चौकटीत जास्त जागा उजळ रंगाने व्यापली आहे की गडद, ते बघून ठरतं.

टोपीखालचा चेहरा सावलीत असतो. अगदी जवळून चेहरा घेताना आभाळ चौकटीतून काढून टाका: कॅमेरा किंचित वरून खाली धरा किंवा मागे छत्र्या-पताका येऊ द्या. आभाळ ठेवायचंच असेल तर +१ देऊन ते जळू द्या. पांढऱ्या पावसाळी आभाळात जपण्यासारखं तसंही फार काही नसतं.

ढगाळ दिवशी चालत्या दिंडीसाठी एम आणि ऑटो आयएसओवर १/५००, एफ/५.६, आयएसओ २०० ते ४०० च्या आसपास राहील. रिंगणातला धावता अश्व टिपायचा तर १/१२५० च्या खाली जाऊ नका, आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत चढू द्या. फोकस सतत मागोवा घेणारा, फोटो सलग. अश्व समोर आल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो; तो वळणावर असतानाच फोकस धरायला सुरुवात करा.

विसर्जन मिरवणूक आणि ढोल-ताशा

दिवसा उंच इमारतींमधल्या अरुंद रस्त्यावर अर्धं पथक उन्हात आणि अर्धं सावलीत असतं. दोन्हींत तीन-चार स्टॉपचा फरक. दोन्ही एका फोटोत सांभाळायच्या नादाला लागू नका. सावलीतल्या पट्ट्यात उभे राहा आणि पथक तिथे आलं की काढा.

टिपरू हवेत थांबलेलं हवं तर १/८००. नुसतं एवढं केलं की गंमत मात्र जाते. वादक पुतळ्यासारखे उभे दिसतात. १/६० ते १/८० वर चेहरा स्थिर राहतो आणि हात, टिपरू, ताशाच्या काड्या पंख्यासारख्या पसरतात. असे फोटो दहातले दोन जमतात, म्हणून सलग काढा आणि फोकस चेहऱ्यावर ठेवा. ध्वज नाचवणाऱ्यांसाठी १/१२५ चांगलं. कापडाची लाट दिसते आणि काठी धरलेला हातही ओळखू येतो.

रात्री सुरुवात एफ/२.८, १/२५० आणि ऑटो आयएसओची मर्यादा ६४०० वरून १२८०० अशी करा. किट लेन्स असेल तर ती १८ एमएमलाच ठेवा, तिथे एफ/३.५ मिळतो, झूम केलं की एफ/५.६, म्हणजे सव्वा स्टॉपहून जास्त तोटा. जवळ जा, झूम करू नका. चौकटीत हॅलोजन किंवा एलईडीचा झोत आला की मीटर घाबरून सगळं काळं करतो, तेव्हा +०.७, मूर्तीच सोनेरी-झगमगती आणि भोवती अंधार असेल तर उलट −०.७ ते −१. मूर्तीचा मुकुट जळतो आहे का हे लुकलुकणाऱ्या सूचनेवर बघा. अंधारात मागचा स्क्रीन नेहमीपेक्षा जास्त उजळ भासतो, म्हणून फोटो चांगला दिसतोय यावर विसंबू नका, हिस्टोग्राम बघा.

गुलाल उधळला जात असताना कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद. हवेतले जवळचे कण झोतात येतात आणि फोटोभर पांढरट-गुलाबी ठिपके पसरतात. लेन्स तिथे बदलू नका. काचेवर गुलाल बसला तर कापडाने पुसायचा नाही, हवेच्या फुग्याने उडवायचा. पुसलं की तेलकट गुलाबी थर पसरतो आणि पुढचे सगळे फोटो धुरकट येतात. पुढे साधा संरक्षक फिल्टर लावलेला असेल तर जिवाला घोर नाही.

लग्न: हळद, कार्यालय आणि अंतरपाट

हळदीत दोन गोष्टी बिघडतात. पिवळ्याने भरलेली चौकट पाहून ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल आपोआप साधणारी सोय) पिवळं कमी करतो आणि त्वचा निळसर, आजारी दिसते. व्हाइट बॅलन्स पक्का बांधा: बाहेर उजेड असेल तर डेलाइट, मांडवाच्या सावलीत शेड. दुसरं, ओली हळद चमकते आणि लाल आलेख जळतो, −०.३ ते −०.७ ठेवा. मांडवाचं कापड पिवळं किंवा गुलाबी असेल तर खाली येणारा उजेडच रंगीत असतो, तो संगणकावरही पूर्ण निघत नाही. नवरीला मांडवाच्या कडेला, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून बसवलं तर निम्मं काम होतं. घरच्यांना हे आदल्या दिवशी सांगा.

कार्यालयात मुख्य अडचण दिव्यांची. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५०० वर सलग फोटो काढले तर एक उजळ, दुसरा अंधारा, तिसऱ्यात आडवा पिवळट पट्टा असं होतं. १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण आवर्तन सापडतं आणि उजेड एकसारखा येतो. अँटी-फ्लिकरची सोय असेल तर चालू करा. बटण दाबल्यावर फोटो निघायला किंचित उशीर होईल, तो सहन करा. आवाज न होणारं इलेक्ट्रॉनिक शटर अशा दिव्यांखाली बंद ठेवा, पट्टे त्यातच सगळ्यात जास्त येतात. सजावटीचे रंगीत एलईडी वेगळ्याच गतीने लुकलुकतात, त्यांच्यासाठी आधी जाऊन १/५०, १/१०० आणि १/१२५ वर एकेक फोटो काढून बघणं हाच इलाज.

फ्लॅश वापरायचा तर एम: १/१२५, एफ/४, आयएसओ ८०० ते १६००, फ्लॅश टीटीएलवर (ताकद आपोआप ठरते) आणि त्याचं डोकं छताकडे, किंचित मागे कललेलं. या मांडणीत चेहऱ्याचा उजेड फ्लॅश ठरवतो आणि मागच्या सजावटीचा उजेड शटर व आयएसओ. पाठीमागे काळोख दिसतोय? आयएसओ वाढवा, फ्लॅश नाही. ए मोडमध्ये हे नियंत्रण हातातून जातं: काही कॅमेरे शटर १/१५ वर नेऊन सगळं हलवतात, काही १/६० ला अडकून मागे काळी भिंत उभी करतात. फ्लॅशची शटर मर्यादा बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० असते. त्यापुढे साध्या फ्लॅशवर फोटोचा एक भाग काळा येतो. छतावरून उजेड परतवणं छत पांढरं आणि फार उंच नसेल तरच जमतं. वर रंगीत कापड ताणलेलं असेल तर तो रंग सगळ्यांच्या तोंडावर येईल, आणि लॉनवरच्या लग्नात वर नुसतं आकाश असतं. तिथे फ्लॅश थेट, पण ताकद −१ करून आणि पुढे डिफ्यूझर लावून.

अंतरपाट दूर होण्याचा क्षण दोन-तीन सेकंदांचा. मंगलाष्टकं चालू असतानाच सेटिंग संपवा. अक्षता दाण्यांसारख्या दिसायला हव्या असतील तर १/५०० आणि भरपूर उजेड, किंवा फ्लॅश. १/१२५ वर त्या पांढऱ्या रेघा होतात, त्याही वाईट दिसत नाहीत. अॅपर्चर मात्र एफ/४ पेक्षा जास्त उघडू नका. लहान सेन्सरवर ५० एमएम, एफ/१.८, अंतर दीड मीटर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ ते ७ सेंटिमीटरचा असतो. नवरीचा डोळा स्पष्ट आणि नवरा धूसर असा फोटो कितीही कलात्मक असला तरी सासरी खपत नाही.

तीन रांगांचा गटफोटो: ए मोड, एफ/५.६ ते ८, ३५ एमएम, अंतर चार मीटरच्या आसपास, फोकस पहिल्या रांगेच्या मागे. एफ/५.६ ला लहान सेन्सरवर चार मीटरवर फोकस असेल तर साधारण ३ ते ६ मीटर सगळं स्पष्ट येतं. किमान पाच फोटो काढा, कारण कोणीतरी डोळे मिटतंच.

पावसाळी धबधबे

ढगाळ दिवशी धबधब्याजवळ आयएसओ १०० ला एफ/११ वर शटर १/३० च्या आसपास मिळतं. या गतीला पाणी ना गोठतं ना रेशमी होतं, नुसतं हललेलं दिसतं. रेशमी पाण्यासाठी १/४ ते २ सेकंद हवेत. एनडी म्हणजे नुसता उजेड कापणारा गडद फिल्टर; तीन स्टॉपच्या एनडी ८ फिल्टरने १/३० चं १/४ होतं, सहा स्टॉपच्या एनडी ६४ ने २ सेकंद. फक्त एकच फिल्टर घेणार असाल तर पोलरायझर घ्या: दीड-दोन स्टॉप उजेड कापतो आणि ओल्या कातळावरची, पानांवरची पांढरी चमक काढून टाकतो. हिरवा रंग त्यानंतरच खरा दिसतो, आणि हे काम संगणकावर होत नाही.

क्रम असा:

१. ट्रायपॉड ओल्या मातीत दाबून उभा करा, मधला दांडा वर काढू नका.

२. फिल्टर लावण्याआधी चौकट आणि फोकस ठरवा, मग फोकस मॅन्युअल करा. गडद फिल्टरमधून ऑटोफोकस चाचपडतो.

३. एम मोड, आयएसओ १००, एफ/८ किंवा ११, शटर १/२ सेकंदापासून सुरुवात. एफ/२२ वर जाऊन शटर लांबवायचा मोह टाळा. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश विखुरतो, फोटो मऊ पडतो आणि सेन्सरवरची धूळ उघडी पडते.

४. दोन सेकंदांचा टायमर लावा. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका, मागून शिरणारा उजेड मीटरला फसवतो.

५. पहिल्या फोटोत पाण्याचा पांढरा भाग लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर शटर एक स्टॉप कमी. कातळ गडद आला तरी चालेल, जळलेलं पाणी परत येत नाही.

पाणी जोरात असेल तर १/४ सेकंद पुरतो. दोन सेकंदांत सगळ्या धारा मिसळून पांढरा पडदा होतो. ठोसेघरसारखा उंच, दुरून दिसणारा धबधबा आणि पायाशी वाहणारा ओढा यांना एकच शटर लागू पडत नाही.

नाणेघाटातल्या उलट्या धबधब्याला ही कृती अजिबात लावू नका. वाऱ्याने वर फेकलं जाणारं पाणी लांब शटरवर नुसतं धुकं होतं. तिथे एस मोड, १/८०० किंवा अधिक, आणि थेंब उठून दिसावेत म्हणून मागे आभाळाऐवजी गडद कडा. मागचं काळं असल्याने −०.७.

एसी गाडीतून काढलेला कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत लगेच घाम धरतो. बॅग बंद ठेवूनच तो बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, पंधरा-वीस मिनिटं लागतात.

भिगवणचे पक्षी, बैलगाडे आणि रंगमंच

उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी दिसतात. उडताना ते आधी आभाळावर, मग दूरच्या गडद काठावर, मग चकाकत्या पाण्यावर असतात. ऑटो आयएसओ दर वेळी मत बदलतो, पक्षी कधी काळा कधी पांढराफटक. त्याच्यावर पडणारं सकाळचं ऊन मात्र तेच असतं. म्हणून पूर्ण एम: १/२०००, एफ/६.३, आणि बसलेल्या पक्ष्यावर एक-दोन फोटो काढून पिसं जळणार नाहीत असा आयएसओ बांधून टाका. सूर्य ढगात गेला की तेवढा आयएसओ हलवायचा.

बैलगाडा शर्यतीत समोरून येणारी जोडी १/१६०० वर घ्या. बाजूने जाताना कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवून १/६० वर घेतलीत तर मागची गर्दी रेघांमध्ये विरते. भर उन्हात मात्र एस मोडवर १/६० मागितलं की कॅमेरा आयएसओ १०० लाही एफ/२० च्या पुढे जातो. एनडी ८ लावा, म्हणजे तो एफ/८ च्या आसपास राहील.

नाटकासाठी, परवानगी असेल तेव्हाच: स्पॉट मीटर (फक्त एका छोट्या जागेचा उजेड मोजणारा) चेहऱ्यावर, पूर्ण एम, १/१६०, एफ/२.८, आयएसओ १६०० ते ३२००. साध्या मीटरला काळा पडदा दिसतो आणि चेहरे जळतात. फ्लॅश, फोकससाठी पेटणारा लाल-केशरी दिवा, बीपचा आवाज आणि मागचा स्क्रीन बंद. निळ्या-जांभळ्या प्रकाशातल्या प्रवेशात निळा आलेख बघा, तो एकटाच जळतो.

रात्रीचं आकाश आणि दिवाळी, थोडक्यात

कोजागरीचा चंद्र उन्हात न्हालेला दगड आहे, त्याला उन्हाचंच एक्स्पोजर लागतं: आयएसओ २००, एफ/८, १/२५०. मीटर आकाश बघून त्याची पांढरी टिकली करतो. चांदण्यांसाठी ५०० ला लेन्सच्या लांबीने भागा, लहान सेन्सरवर आधी लांबीला १.५ ने गुणून: १८ एमएमला १८ सेकंद. जास्त मेगापिक्सेल असतील तर १२ ते १५ च धरा. एफ/३.५, आयएसओ ३२००. आतषबाजी: ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/११, बल्बवर (बटण दाबून ठेवाल तेवढा वेळ शटर उघडं) ३ ते ५ सेकंद. आकाशकंदील आणि पणत्या सूर्यास्तानंतर १५ ते २५ मिनिटांत घ्या, तेव्हा आभाळाचा निळा आणि दिव्याचा पिवळा एकाच एक्स्पोजरमध्ये मावतात. नंतर आभाळ काळं होतं.

फोटो बिघडला, पण कशामुळे?

मोठा करून बघा आणि शेजारी शटर, अॅपर्चर, आयएसओ वाचा.

सगळंच एका दिशेला फरकटलंय, मागची भिंतही: हात हलला. शटर लेन्सच्या लांबीच्या नियमाखाली गेलंय.

भिंत स्पष्ट, माणूस फरकटलेला: माणूस हलला. शटर दोन स्टॉप वाढवा, आयएसओ चढू द्या.

नाक धूसर, कान स्पष्ट किंवा पुढचा धूसर, मागचा स्पष्ट: फोकस चुकला. शटर वाढवून काही होणार नाही. फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवा, अॅपर्चर एक-दोन स्टॉप बंद करा.

कुठेच काही फरकटलेलं नाही, तरी सगळं मऊ आणि फिकं: आधी लेन्सच्या काचेवर बोटाचा ठसा किंवा वाफ आहे का बघा, मग अॅपर्चर एफ/१६ च्या पुढे गेलंय का.

सलग फोटोंत उजेड वरखाली: शटर १/१०० पेक्षा वेगवान असेल तर दिवे लुकलुकताहेत. बाहेर उघड्यावर असं झालं तर मीटर स्पॉटवर राहून गेलाय, आणि तुम्ही कधी सदऱ्यावर, कधी छत्रीवर नेम धरताय.